हौसेच्या मोटारीचे भौतिकशास्त्र

२००९ सालची गोष्ट. संशोधनाच्या निमित्ताने आम्ही अमेरिकेत होतो. आमच्या प्रयोगशाळेतील एका सहकाऱ्याने १९९० सालची, दोनच माणसे बसतील अशी, उघड्या टपाची माझदा एमएक्स-५ मोटार जुन्या बाजारात घेतली होती. ही गाडी तिकडे मियाटा या नावाने ओळखली जाते. सहकाऱ्याला तिच्यात स्वतःच्या हाताने सुधारणा करण्याची भारी हौस. एका शनिवारी धुक्यात लावायचे दोन दिवे बसवायचे ठरले आणि पाना धरायला म्हणून आम्हीही गेलो. दिव्यांच्या खोक्यात वायर, रिले, फ्यूज असे सारे होते. सूचनांचा कागदही होता. तो वाचून, एकेक पायरी पाळून, आम्ही संध्याकाळपर्यंत दिवे लावले. ते छान पेटलेही.

तीन आठवड्यांनी आम्ही त्याच गाडीतून जात असताना जळका वास आला. पायाखालच्या गालिच्यातून धूर निघू लागला. गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केले, तरी धूर थांबेना. शेवटी डिकी उघडून बॅटरीची एक पट्टी पान्याने सैल करून काढली, तेव्हा धूर थांबला. गालिचा उचलून पाहिले, तर वायरीवरचे प्लॅस्टिक दोन-तीन ठिकाणी वितळून खाली चिकटले होते.

आम्हा दोघांनाही वाटले, की फ्यूज बसवायचा राहिला असेल. पण फ्यूज होता, आणि तो शाबूत होता! मग वायर का जळली? या प्रश्नाचे उत्तर दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकाबाहेर शोधावे लागत नाही. इतकेच नव्हे, तर मोटारीत घरच्या घरी केल्या जाणाऱ्या बहुतेक बदलांचे यशापयश शाळेत शिकवल्या जाणाऱ्या नियमांवरच ठरते. ते कसे, हे या लेखात पाहू.

मोटार आणि तिचे हौशी

एमएक्स-५ ही जपानी गाडी फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार-प्रदर्शनात प्रथम लोकांसमोर आली. १६०० घन सेंटिमीटरचे इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, आणि वजन जेमतेम साडेनऊशे किलो. अशा हलक्या, उघड्या गाड्यांची परंपरा मूळची ब्रिटनमधली. लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांचा भर इंजिन मोठे करण्यापेक्षा गाडीचे वजन कमी करण्यावर असे. त्यांच्या १९६२ सालच्या ‘एलान’ गाडीकडे पाहून माझदाच्या अभियंत्यांनी बरेच काही घेतले. त्याआधी, १९५७ सालची ‘लोटस सेव्हन’ तर सुट्या भागांच्या रूपात विकली जाई. घरी जोडलेल्या गाडीवर ब्रिटनमध्ये खरेदी-कर लागत नसे, म्हणून अनेकांनी आपल्या अंगणात मोटार जोडली.

एमएक्स-५ साधी, सुटसुटीत आणि पुढे जुनी झाल्यावर स्वस्त मिळू लागल्याने हौशी लोकांची ती लाडकी झाली. एप्रिल २०१६ मध्ये या मालिकेतील दहा लाखावी गाडी तयार झाली. आता या हौशी लोकांचे नेहमीचे बदल एकेक करून पाहू. सुरुवात अर्थातच जळलेल्या वायरीपासून.

फ्यूज कोणाचे रक्षण करतो?

आम्ही लावलेले दोन दिवे प्रत्येकी ५५ वॅटचे होते. एकूण शक्ती ११० वॅट आणि विभवांतर १२ व्होल्ट, म्हणजे विद्युतधारा सुमारे ९.२ अँपिअर. घरातल्या दिव्यांची सवय असलेल्या आपल्याला हा आकडा चकित करतो. घरी ११० वॅटच्या दिव्यांना अर्ध्या अँपिअरहूनही कमी धारा लागते. विभवांतर कमी असले, की तेवढ्याच शक्तीसाठी धारा तितक्या पटीने वाढते. मोटारीतील वायरिंगचे सारे गणित या एका गोष्टीवर उभे आहे.

बहुतेक मोटारींत बॅटरी पुढे, बॉनेटखाली असते. एमएक्स-५ मध्ये ती मागे डिकीत असते. गाडीचे वजन पुढच्या आणि मागच्या चाकांवर जवळजवळ सारखे वाटले जावे, असा निर्मात्यांचा हेतू होता. दिव्यांसोबतची वायर मात्र बॅटरी पुढे असेल असे धरून केलेली होती. ती पुरेना, म्हणून सहकाऱ्याने घरातली एक वायर जोडून ती डिकीतून गालिच्याखालून थेट पुढे नेली. ही वायर बारीक होती. तिचे छेदक्षेत्र अर्धा चौरस मिलिमीटर धरू आणि लांबी ५ मीटर. तांब्याची रोधकता १.७ × १०⁻⁸ ओहम-मीटर घेतली, तर या वायरीचा रोध ०.१७ ओहम येतो.

हा रोध किरकोळ वाटतो. पण ९.२ अँपिअर धारा वाहताना या वायरीतच दीड व्होल्टच्या आसपास विभवांतर खर्ची पडते. दिव्यांना बाराऐवजी साडेदहा व्होल्टच मिळतात. तापलेल्या तंतूच्या दिव्याचा प्रकाश विभवांतरापेक्षा फार झपाट्याने बदलतो. विभवांतर १३ टक्क्यांनी घटले, की प्रकाश तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घटतो. म्हणजे महागडे दिवे आणून बारीक वायर लावणाऱ्याला पैसे देऊन अंधारच मिळतो. त्याऐवजी अडीच चौरस मिलिमीटरची वायर घेतली असती, तर रोध पाचपट कमी होऊन नुकसान ०.३ व्होल्टवर आले असते.

इथवर फक्त मंद प्रकाशाचा प्रश्न होता. खरा धोका पुढे आहे. बॅटरीपासून निघालेली वायर इंजिन आणि प्रवासी यांच्यामधल्या पत्र्याच्या भोकातून पुढे नेलेली होती. भोकाच्या कडेला रबरी कडे बसवलेले नव्हते. गाडीच्या हादऱ्यांनी पत्र्याची धार वायरीवरचे प्लॅस्टिक कातत गेली आणि तांबे पत्र्याला टेकले. मोटारीचा सारा सांगाडा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असतो. त्यामुळे दिव्यांपर्यंत न पोहोचताच धारेला परतीची वाट मिळाली. यालाच आपण शॉर्ट सर्किट म्हणतो.

आता धारा किती वाहील? पत्र्यापर्यंतच्या ४ मीटर वायरीचा रोध ०.१४ ओहम, आणि बॅटरीचा अंतर्गत रोध व टेकलेल्या जागेचा रोध मिळून आणखी ०.०१ ओहम धरू. १२ भागिले ०.१५ म्हणजे ८० अँपिअर. वायरीत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाला रोधाने गुणून मिळते. ती सुमारे ९०० वॅट, म्हणजे इस्त्रीएवढी आहे. ही इस्त्री केवढ्या वस्तुमानाला तापवते? चार मीटर वायरीत अवघे १८ ग्रॅम तांबे आहे. तिचे तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे ७ ज्यूल पुरतात. म्हणजे तापमान दर सेकंदाला १२० ते १३० अंशांनी वाढू लागते. तांबे तापेल तसा त्याचा रोध वाढतो, म्हणून हा वेग पुढे थोडा मंदावतो. पण वायरीवरचे प्लॅस्टिक मऊ पडायला एखाद-दुसरा सेकंदच लागतो. आमची वायर हादऱ्यांबरोबर मधूनमधून टेकत होती, म्हणून आम्ही वाचलो. ती एकाच जागी घट्ट टेकली असती, तर डिकी उघडायला वेळच मिळाला नसता.

मग फ्यूज का उडाला नाही? कारण तो पुढे, दिव्यांजवळ होता. शॉर्ट सर्किटची ८० अँपिअर धारा बॅटरीतून निघाली, वायरीतून वाहिली आणि फ्यूजपर्यंत पोहोचण्याआधीच पत्र्यात शिरली. फ्यूजमधून ती गेलीच नाही. ज्या गाडीत बॅटरी पुढे असते, तिच्यात हाच फ्यूज बॅटरीजवळ आला असता. आम्ही सूचना अक्षरशः पाळल्या, पण त्या ज्या गाडीसाठी होत्या ती गाडी आमची नव्हती.

फ्यूज उपकरणाचे रक्षण करतो, असे विद्यार्थी सर्रास लिहितात, आणि काही अंशी ते खरेही आहे. परंतु मोटारीत फ्यूजचे पहिले काम वायरीचे रक्षण करणे हे आहे. त्यामुळे दोन नियम आपोआप निघतात. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाच्या शक्य तितका जवळ हवा, आणि तो वायरीला सोसणाऱ्या धारेपेक्षा कमी धारेला वितळणारा हवा. बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्यूज असता, तर ८० अँपिअरला तो क्षणार्धात वितळला असता आणि आम्हाला फक्त दिवे बंद पडलेले दिसले असते.

हवेचा हिशेब

हौशी लोकांचे दुसरे लक्ष्य म्हणजे इंजिनाचा जोर. इंजिन पेट्रोलवर चालते, असे आपण म्हणतो. पण त्याच्या जोराची मर्यादा हवा ठरवते. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. पेट्रोल हवे तितके आत सोडता येईल, हवा मात्र सिलिंडरच्या आकारमानाइतकीच आत येते.

हा हिशेब फळ्यावर करून पाहण्यासारखा आहे. एमएक्स-५ चे इंजिन १.६ लिटरचे. चार-धावी इंजिनात दर दोन फेऱ्यांत एकदा हवा आत येते, म्हणजे प्रत्येक फेरीला ०.८ लिटर. मिनिटाला ६५०० फेऱ्या धरल्या, तर सेकंदाला सुमारे ८७ लिटर. हवेची घनता लिटरला १.२ ग्रॅम, आणि सिलिंडर नव्वद टक्केच भरतो असे धरले, तर सेकंदाला ९४ ग्रॅम हवा. त्यासाठी ६.४ ग्रॅम पेट्रोल. एका ग्रॅममधून ४४ किलोज्यूल ऊर्जा मिळते, म्हणजे २८० किलोवॅट. त्यातील तीस टक्केच कामी येते, बाकीची उष्णता होऊन जाते. हाती उरतात ८४ किलोवॅट, म्हणजे ११३ अश्वशक्ती. या गाडीबद्दल निर्मात्यांनी दिलेला आकडा सुमारे ११५ अश्वशक्तीचा आहे! ढोबळ गृहीतांवरूनही आपण इतके जवळ येतो.

आता एक लोकप्रिय बदल पाहू. मूळ एअर फिल्टरची पेटी काढून तिथे उघडा, शंकूच्या आकाराचा फिल्टर लावतात. हवा मोकळी आत येईल, अशी कल्पना. पण पेटी गेल्यावर हा फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढू लागतो. ३० अंशांऐवजी ६० अंश तापमानाची हवा आत आली, तर तिची घनता ३०३ भागिले ३३३ या प्रमाणात, म्हणजे ९ टक्क्यांनी कमी होते. हवा कमी, तर पेट्रोल कमी आणि जोरही कमी. आत शिरणाऱ्या हवेचा आवाज मात्र खूप वाढतो, आणि कानाला वाटते की गाडी जोरात पळते आहे. कानावर विसंबू नये, घड्याळ लावून मोजावे, हा धडा प्रयोगशाळेइतकाच रस्त्यावरही खरा आहे.

मोठी चाके

मूळ गाडीला १८५/६०-१४ या मापाचे टायर होते. या आकड्यांचा अर्थ असा: टायरची रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, आणि आतल्या रिमचा व्यास १४ इंच. म्हणजे चाकाचा पूर्ण व्यास ३५६ अधिक दोनदा १११, एकूण ५७८ मिलिमीटर. जाणकार हौशी १५ इंची रिम लावताना १९५/५० हे माप निवडतात. त्याचा व्यास ५७६ मिलिमीटर येतो, जवळजवळ तेवढाच. रिम मोठी झाली, पण टायरची भिंत बुटकी झाली.

आता कुणी केवळ रुबाबासाठी २०५/५५-१६ हे टायर आणले, असे समजू. त्यांचा व्यास ६३२ मिलिमीटर, म्हणजे मूळच्यापेक्षा ९ टक्क्यांहून अधिक मोठा. या गाडीचा स्पीडोमीटर जमिनीवरचे अंतर मोजत नाही, तर गिअरबॉक्समधील दांड्याच्या फेऱ्या मोजतो. त्यामुळे काटा ८० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ताशी ८७ किलोमीटरने धावत असते. शिवाय चाकाची त्रिज्या वाढली, की तेवढ्याच आघूर्णातून जमिनीवर मिळणारे बल त्याच प्रमाणात घटते. बलाची भुजा मोठी झाली, इतकेच.

चाकाचे वजन वाढले तर? चाक पुढे सरकते आणि फिरतेही. टायरच्या परिघावरील एक किलो वस्तुमानाला वेग द्यायला दोन किलोइतकी ऊर्जा लागते. त्याहून मोठा तोटा असा, की चाक स्प्रिंगच्या खाली असते. जड चाक खड्ड्यातून उसळले, की स्प्रिंगला ते पुन्हा रस्त्यावर दाबायला वेळ लागतो. तेवढा वेळ टायर हवेत, आणि हवेतल्या टायरला ना ब्रेक लागतो, ना वळण घेता येते.

कापलेली स्प्रिंग

गाडी खाली बसवली, की गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणावर बाहेरच्या चाकांवर जाणारा भार कमी होतो. हे खरे आहे, पण किती? गुरुत्वमध्य ४५ सेंटिमीटर उंचीवर आहे असे समजले आणि गाडी ३ सेंटिमीटर खाली आणली, तर हा सरकणारा भार पंधराव्या हिश्श्याने घटतो. फायदा आहे, पण चमत्कार नाही.

तो मिळवण्याचा फुकटचा मार्ग म्हणून काही जण स्प्रिंगचे एक-दोन वेढे कापून टाकतात. इथे पुन्हा शाळेतला नियम आडवा येतो. स्प्रिंग कापली, की ती नुसती आखूड होत नाही, ताठही होते. आठ वेढ्यांची सहा झाली, की तिचा ताठपणा आठ भागिले सहा, म्हणजे १.३३ पट होतो. शॉकॲब्सॉर्बर मात्र जुन्याच स्प्रिंगला जुळणारा असतो, तो नव्या आंदोलनांना पुरेसा आवर घालत नाही. आणि गाडी एखाद्या उंचवट्यावरून उसळून चाक पूर्ण खाली लोंबकळले, तर आखूड स्प्रिंग आपल्या जागेवरून सुटूही शकते.

सर्वात स्वस्त सुधारणा

ब्रेक म्हणजे गतिज ऊर्जेची उष्णता करणारे यंत्र. माणसासह १००० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा ३८६ किलोज्यूल. ती एकदा थांबवली, तर ब्रेकच्या चकत्या काही दशक अंशांनी तापतात. पण लांब घाट उतरताना ५०० मीटर उंची गमावली, तर ४९०० किलोज्यूल, म्हणजे बारापटीहून अधिक ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. इंजिन गिअरमध्ये ठेवून त्यातला मोठा वाटा त्याच्याकडून घ्यावा, हे त्यासाठीच सांगतात.

पायाचा दाब चाकापर्यंत पोहोचवणारे ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. ‘डॉट ३’ प्रकारच्या नव्या द्रवाचा उत्कलनांक किमान २०५ अंश असावा लागतो. ओलावा शोषल्यावर तो १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. तापलेल्या ब्रेकमध्ये हा द्रव उकळला, तर नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. परिणामी पाय थेट तळाशी जातो आणि गाडी थांबत नाही. म्हणून भडक रंगाच्या ब्रेकवर खर्च करण्याआधी जुने ऑइल बदलावे. ही सुधारणा दिसत नाही, त्यामुळे ती कुणाला दाखवता येत नाही. पण जीव वाचवते. उलट, १९९० च्या अमेरिकी एमएक्स-५ मध्ये चालकासमोरच्या स्टिअरिंगमध्ये एअरबॅग होती. तिच्या जागी लाकडी, सुबक स्टिअरिंग लावले, की गाडी देखणी होते आणि एअरबॅग जाते.

आपल्या दारातली गोष्ट

ही गाडी आपल्या रस्त्यांवर क्वचितच दिसेल. पण मोटारसायकलला जादा दिवे, मोठा हॉर्न, निराळा सायलेन्सर लावणारे विद्यार्थी प्रत्येक शाळा-महाविद्यालयाच्या फाटकाशी भेटतात. ५५ वॅटच्या जागी १०० वॅटचा दिवा लावला, तर धारा १.८ पट होते, आणि त्याच वायरीतील उष्णता तिच्या वर्गाच्या प्रमाणात, ३.३ पट. फ्यूज वारंवार उडतो म्हणून जास्त अँपिअरचा लावला, की धोक्याची सूचना देणाऱ्याचेच तोंड बंद केले. याशिवाय आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे. निर्मात्याने ठरवलेली मूळ वैशिष्ट्ये बदलतील असे फेरफार वाहनात करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे.

वर्गात करून पाहा

१. रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या स्टील वूलचा एक बारीक तंतू फ्यूज म्हणून घ्या. टॉर्चचे तीन सेल, फ्यूज, वायर आणि छोटा बल्ब यांचे मंडल जोडा. फ्यूज आधी सेलजवळ आणि मग बल्बजवळ ठेवून, दोन्ही वेळा वायरीच्या मधल्या भागातून क्षणभर शॉर्ट सर्किट करा. कोणत्या वेळी तंतू जळतो? हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः, फरशीच्या तुकड्यावर, कागद-कापड दूर ठेवून करावा.

२. बॉलपेनमधील दोन सारख्या स्प्रिंगा घ्या. एक मधोमध कापा. दोन्हींना सारखे वजन टांगून लांबीतील वाढ मोजा.

३. सायकलच्या टायरवर खडूची खूण करून एका फेरीत कापलेले अंतर मोजा. लहान-मोठ्या सायकलींसाठी हेच करून, स्पीडोमीटर एका सायकलीवरून दुसरीवर नेला तर किती चूक होईल, ते काढायला सांगा.

आमच्या सहकाऱ्याने पुढच्याच शनिवारी सारी वायर उपसून काढली. अडीच चौरस मिलिमीटरची नवी वायर आणली, भोकात रबरी कडे बसवले आणि डिकीत, बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज लावला. दिवे पूर्वीपेक्षा उजळ पेटले. आम्ही दोघेही डॉक्टरेट मिळवलेले, ओहमचा नियम आम्हाला पाठ होता. पण पहिल्या शनिवारी कागद-पेन्सिल घेऊन तो वापरायचे आमच्या मनातही आले नव्हते. विद्यार्थ्यांनी हातात पाना जरूर घ्यावा. फक्त त्याआधी दोन ओळींचे गणित मांडण्याची सवय आपण त्यांना लावायला हवी.